आडव्या शिरेचं पान

१

«सांबऱ्याच्या माळावरी, माझ्या हाताचं गं घर,
दारी शेवग्याचं झाड, शेंगा लोंबती वाऱ्यावर…»

हा आवाज मी सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात ऐकला. निपाणीच्या विडी कारखान्याच्या लांबलचक शेडमध्ये शंभर बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या, आणि पार टोकाच्या भिंतीकडून तो येत होता. उंच नव्हता, गोड तर मुळीच नव्हता. तव्यावर भाकरी हळूच फुगावी तसा वर येऊन बसणारा आवाज. मी तेव्हा नवा चेकर होतो. वळलेल्या विड्या तपासायच्या, वाईट निघतील त्या बाजूला टाकायच्या. त्याला आम्ही छाट म्हणतो. माझा रुबाब नवा होता. मी ओरडलो, "कोण गातंय? गाणं बंद! हात चालवा!"

आवाज बंद झाला. पुढची सव्वीस वर्षं मी तो परत ऐकला नाही.

ती तानूबाई होती. पोटुशी होती, नुकतीच विधवा झालेली. नवरा संकेश्वरचा, घाटात ट्रक उलटून गेला, असं तिनंच सांगितलं होतं. बायका ओवीत गाव गुंफतात ते एक तर माहेरचं, नाही तर नवऱ्याचं. हिचं माहेर अकोळ. नवरा संकेश्वरचा. मग बेळगावपल्याडचं सांबरा कुठून आलं? असा प्रश्न मला तेव्हा पडला होता. पण छाट काढणाऱ्या माणसाला गाण्यातलं कोण सांगतंय?

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत, एका शनिवारी सकाळी, तिचा भाऊ भीमाप्पा माझ्या दारात धापा टाकत उभा राहिला.

"मारुतीराव, चला. विशाखाचा पासपोर्ट गेलाय."

"गेलाय म्हंजे?"

"पिशवी हाय, गाठ हाय, आत पासपोर्ट न्हाय. पानं हाईत."

"कसली पानं?"

"विडीची," भीमाप्पा म्हणाला. "म्हणून तर तुमच्याकडं आलोय."

२

विशाखा म्हणजे तानूबाईची एकुलती एक लेक. बेळगावला एका दवाखान्यात नर्स, अनगोळात खोली घेऊन राहायची. त्या दवाखान्यात लाकडी पाय बनवायला शिकवायला हॉलंडहून यान नावाचा माणूस दोन वर्षं आला होता. आपल्याकडची माणसं उकिडवी बसतात, चिखलात अनवाणी चालतात, त्यांना चालेल असा पाय तो बनवायचा. त्या पायांच्या नादात दोघांचं जमलं. तो परत गेला. आता ही त्याच्याकडे निघाली होती. सोमवारी सकाळी निपाणीहून मुंबईची एस.टी., मंगळवारी विमान.

आणि लग्न? लग्न नंतर. गल्लीत आग लागली होती ती याचीच.

तानूबाईच्या घरी मी पोचलो तेव्हा दारात पान भिजवलेलं पोतं पडलं होतं, आणि शेजारची जयाबाई सूप घेऊन तिथंच फतकल मारून बसली होती. मला बघून तिनं पदर सावरला.

"आला बगा छाटवाला! आमच्या विड्या फेकून हौस फिटली न्हाय, आता पोरगीची छाट काढाय आलाय!"

"जयाबाई, तुमच्या विड्या मी फेकल्या नसत्या तर गिऱ्हाइकाच्या मिशा जळाल्या असत्या."

"जळू द्यात की! मिशा कापायचा खर्च वाचला असता."

आत पत्र्याची ट्रंक उघडी होती. तिला कुलूप नव्हतंच, नुसती कडी. विशाखा खाटेवर ताठ बसली होती, पण उजव्या पायाची टाच सारखी जमिनीवर वाजत होती. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली फळी होती, आणि फळीवर चकचकीत तपकिरी रंगाचा एक पाय. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पोकळ.

मी दचकलो.

"तो यानचा पाय," दारातून जयाबाई ओरडली. "म्हंजे त्याचा न्हवं, त्यानं केलेला. नवरा यायच्या आधी पाय आलाय घरात!"

तानूबाई चुलीपाशी होती. हसली नाही. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

"पोलिसांत गेला न्हाईसा?" मी भीमाप्पाला विचारलं. तो मामलेदार कचेरीत शिपाई.

"ठाण्यात गेलो तर तक्रार मराठीत का कन्नडात, हितनंच सुरुवात. त्यात हप्ता जाईल. विमान मंगळवारी हाय."

विशाखानं पिशवी माझ्यापुढे ठेवली. जाड खादीची, तिनंच शिवलेली. आत पासपोर्ट ज्यात गुंडाळला होता तो खाकी कागद तसाच, आणि कागदात फर्म्याच्या मापाने कापलेली तेंदूची पानं. फर्मा म्हणजे विडीच्या पानाच्या मापाची पत्र्याची चकती. ती पानावर ठेवून भोवतीनं कात्री फिरवायची. पानांच्या दोन गड्ड्या शेजारी शेजारी लावल्या होत्या. वरून चाचपलं तर पासपोर्टच वाटावा.

"सकाळी पिशवी कुणी सोडली?"

"मी," विशाखा म्हणाली. "मामा म्हणाले, दाखव तरी शिक्का कसा असतो. सोडली, आणि…"

तेवढ्यात तानूबाई उठली. तिनं गड्डीतलं एक पान उचललं, दाराच्या उजेडात धरलं. क्षणभरच. मग मुठीत चुरगाळून पुन्हा चुलीपाशी जाऊन बसली.

तेव्हा मला वाटलं, बाई चिडली.

३

"पासपोर्ट शेवटचा कधी बघितलास?"

"बुधवारी. त्यानंतर नुसती पिशवी चाचपून बघायची."

"बुधवारनंतर घरात कोण कोण आलं?"

दोघं. गुरुवारी रवळू आला होता. दवाखान्यात रेकॉर्ड सांभाळणारा, खानापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. यानचं पत्र आणि तिचं उरलेलं सामान घेऊन आला. ट्रंकेत पुस्तकं त्यानंच लावली. आणि शुक्रवारी दुपारी मायलेकी बाजारात गेल्या असताना तासभर भीमाप्पा घरात एकटा होता.

रवळू शनिवारीही निपाणीतच होता, स्टँडाजवळ एका नातेवाइकाकडे. मी तिथं गाठला. त्यानं चहाची बशी खाली ठेवली.

"मारुतीराव, तुमी मला सरळ इचारा. आवडती का? व्हय. आवडती. चार वर्षं झाली. तिला म्हाईत न्हाय, आन् आता कळून उपेग न्हाय."

"म्हणून ट्रंकेत हात घातलास?"

"पुस्तकं लावली. एकेक पुस्तक लावताना मनात म्हणत होतो, ही ट्रंक हलायची न्हाय असं कायतरी व्हावं." तो ओशाळून हसला. "पण मनात म्हणणं येगळं. यान माझा बी दोस्त हाय. सांबऱ्याला विमानावर सोडाय मीच गेलतो. जाताना म्हणाला, तिची काळजी घे. आता मी काळजी घेऊ का चोरी करू?"

भीमाप्पा मात्र भडकला.

"मी सख्खा मामा! मी चोर?"

"तुम्हाला तिनं जायला नको होतं."

"नकोच होतं! आमी काय हौसेनं म्हणतो? आमच्या बापानं वेठीला पाणी वाहिलं, आमच्या पोरी शिकल्या, नर्स झाल्या. आता लोक बोट दाखवायला टपलेत. शिकवलं म्हणून अशी निघाली, असं म्हणतील. लगीन लावून जा म्हणलं, विहारात धा मिंटांत लागतंय. तर म्हणती, आधी राहून बघते."

"यान नको म्हणतो लग्नाला?"

"तो कुठला! तो कवाचा तयार हाय. हिलाच नको."

हे मला नवीन होतं. मी परत विशाखाकडे गेलो. ती मागच्या परड्यात उभी होती, दोरीवरचा वाळलेला कपडा काढायची, परत घालायची.

"आप्पा, मला बघायचंय," ती म्हणाली. "तिकडं म्हणे चार वाजता अंधार पडतो. त्या अंधारात, त्या भाषेत माझा जीव टिकतोय का, ते आधी बघायचंय. लगीन करून गेले आणि न्हाई जमलं, तर कुठल्या तोंडानं परत येऊ? सून परत आली की गाव हसतंय. नुसती पोरगी परत आली तर…"

"तर?"

तिनं घराकडे बघितलं. "तर दार उघडंल का, ते मला म्हाईत न्हाई. आई काही बोलतच न्हाई, आप्पा. सहा महिने झाले. जा म्हणत न्हाई, नको म्हणत न्हाई. मी सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, तिकडं कालवणाला काय मिळतंय?"

४

दुपारी सगळ्यांना सोप्यात बसवलं. रवळूही आला होता. माझ्या मांडीवर ती पानं होती.

"ही पानं हाताला कशी लागतात बघा," मी म्हणालो.

भीमाप्पानं बोट लावलं. "मऊ हाईत."

"सकाळी तर याहून मऊ होती. रात्री ओल्या पोत्यात पान मुरवतात, सकाळी कापतात. कापलेलं पान उघडं पडलं की संध्याकाळपर्यंत कडा वळतात. दुसऱ्या दिवशी पापड. कागदात, पिशवीत, ट्रंकेत ठेवलं तरी दोन दिवस मऊ राहत नाही. ही पानं गुरुवारी ठेवली असती, शुक्रवारी ठेवली असती, तर आज चुरा निघाला असता."

रवळूनं श्वास सोडला तो मला ऐकू आला. भीमाप्पानं टोपी काढून डोकं पुसलं.

"म्हणजे काम आज सकाळचं. आज सकाळी घरात कोण होतं?"

"म्या होते की!" जयाबाई म्हणाली. "आन् माझीच पानं चोरीला गेलीत! पोत्यातली मूठभर पानं कमी हाईत, आन् फर्मा जाग्यावर न्हवता. मी म्हणलं तानूनं घेतला असंल."

"तानूबाईचं स्वतःचं पोतं नाही?"

"हाय की. चुलीमागं."

मी विचारणार होतो, मग ती तुमची पानं कशाला घेईल? पण तोंड उघडायच्या आत तानूबाई उभी राहिली.

"मी घेतला," ती म्हणाली.

तिनं पदर कमरेला खोचला.

"पासपोर्ट मी घेतला. ती जाऊ नये म्हणून. आता इचारू नका."

"कुटं हाय तो, आक्का?" भीमाप्पानं विचारलं.

"चुलीत घातला. जळला."

आणि विशाखा ताडकन उठली. "खोटं! जाळला न्हाईस तू!"

मायलेकींची नजरानजर झाली. आधी विशाखानं मान खाली घातली. टाच वाजायची थांबली होती.

५

रविवारी सकाळी मी अंगणात बसलो. चहा निवला. तंबाखूची कापणी चालू होती, सगळ्या गावाला तिचा उग्र वास. माझ्या जिवाला चैन नव्हतं.

आदल्या दिवशी निघताना मी तानूबाईची चूल चाळली होती. पासपोर्टाला जाड कापडी पुठ्ठा असतो, त्याची काळी खपली तरी उरते. राखेत जळक्या दोऱ्याशिवाय काही नव्हतं. बाई खोटं बोलत होती. पण का? चोर चोरी नाकारतो. न केलेली चोरी पदरात घेणारं माणूस कुणाला तरी पाठीशी घालत असतं.

आणि विशाखा. आई म्हणते जळला, आणि लेक म्हणते जाळला नाहीस. आई असं करणार नाही, असं ती म्हणाली नाही. देव साक्षी ठेवून सांगावं तसं बोलली. इतकी खात्री कशी?

मी ती पानं गुडघ्यावर मांडली. सव्वीस वर्षं माझ्या हाताखालून पानंच गेली. न बघता सांगेन, कुठली विडी कुणाच्या हातची. पण काल मी पानांचा ओलावा बघितला, कापणी बघितलीच नव्हती. आता एक पान उन्हात धरलं.

पानाची मधली जाड शीर बरोबर आडवी गेली होती. दुसरं धरलं, तिसरं धरलं. सगळ्यांत तेच.

मी सगळी पानं गोळा केली आणि अनवाणीच निघालो.

६

तानूबाई विड्या वळत होती. विशाखा ट्रंक भरत होती, की रिकामी करत होती, कळत नव्हतं. मी दार लोटून घेतलं. तिघंच होतो.

"विशाखा, ये. एक पान काप."

"मला येत न्हाई, आप्पा."

"म्हणूनच म्हणतो."

"तिला कशाला?" तानूबाईचा हात थांबला. "मी सांगितलं न्हवं काल? तिला पानाला हात लावू दिला न्हाय मी कवा. नखं काळी झाली असती पोरीची."

"ठाऊक आहे. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. लेकीला लिहायला बसवायची आणि स्वतः वळायची." मी फर्मा आणि कात्री विशाखापुढे सरकवली. "काप, पोरी."

तिनं पान घेतलं. फर्मा मधोमध ठेवला, जसा कुणीही परका माणूस ठेवेल. कात्री फिरवली. कापलेलं पान मी उचललं आणि काल पिशवीत निघालेल्या पानाशेजारी ठेवलं. दोन्हींत शीर आडवी.

"वळणारी बाई शीर सोडून, तिच्या एका अंगानं कापते," मी म्हणालो. "शीर आडवी आली की वळताना पान मोडतं. सहा वर्षांची पोरगीसुद्धा ही चूक करत नाही, जर ती विडीच्या घरात वळायला बसली असेल. या गल्लीत न वळणारी बाई एकच आहे. आणि तानूबाई, तुम्ही काल पान उजेडात धरलंत तेव्हाच हे ओळखलंत. चुरगाळलंत ते रागानं नाही. मला दिसू नये म्हणून."



विशाखा उठली. फळीवरचा लाकडी पाय खाली घेतला, पालथा केला. आतून कापडाचा बोळा पडला, आणि त्यामागून निळा पासपोर्ट.

"काल पहाटे," ती म्हणाली. "जयामावशी पाणी आणायला गेलती. तिचं पोतं दारातच होतं. मला वाटलं, पासपोर्ट गेला म्हणलं की ही काहीतरी बोलंल. बरं झालं म्हणंल. न्हाईतर रडंल. शिव्या देईल. मला फक्त कळायचं होतं आई, तुला काय वाटतंय. मी आजच काढून ठेवणार होते. तर तू माझी चोरी अंगावर घेतलीस, आणि परत गप्प!"

"तू चोर ठरली असतीस गं," तानूबाई हळू म्हणाली. "स्वतःच लपवला म्हणून गल्ली हसली असती. मला हसू देत."

"मग बोल की! जाऊ का नको?"

सूप मांडीवरून उतरेना. दोरा बोटाला गुंडाळलेला तसाच राहिला.

मला जायला हवं होतं. पण सव्वीस वर्षांपूर्वी मीच एक गाणं बंद केलं होतं, त्याचं ओझं पायात आलं.

"तानूबाई," मी म्हणालो, "सांबऱ्याच्या माळावर खरंच शेवगा होता का?"

तिनं मान वर केली. डोळ्यांत आधी भीती आली, मग ती हळूहळू ओसरली.

"तुमाला आठवतंय?"

"मीच थांबवलं होतं. चुकलं माझं."

"कसला शेवगा, आई?" विशाखानं विचारलं. "आपलं गाव संकेश्वर न्हवं?"

तानूबाईनं बोटाचा दोरा सोडवला. सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावरची तंबाखू झटकली. तिला घाई नव्हती, आणि आता तिला कुणी थांबवणारही नव्हतं.

"संकेश्वर म्या सांगितलं. कुणी लांब जाऊन इचारू नये म्हणून. ट्रक बी मीच सांगितला." ती लेकीकडे बघत होती. "तुझा बाप देवाप्पा सांबऱ्याला विमानाच्या पट्टीवर खडी फोडायचा. अकोळात जत्रंत भेटला. मी त्याच्या मागं गेले. लगीन सुगी झाल्यावर करायचं ठरलं हुतं. आठ म्हैनं राहिलो. घर मीच बांधलं, कुडाचं. दारात शेवगा त्यानं लावला. पहिलं विमान आलं तवा मी चुलीमागं दडले, तर हा हसून हसून लोळला. पुढं पुढं विमान आलं की दोघं बी भाईर पळायचो. सुगीच्या आधी ताप आला त्याला. चार दिवसांत गेला."

"आणि लगीन?"

"झालंच न्हाय. काळं मणी मी बेळगावच्या बाजारात घेतलं, आन् त्याच दिशी तोडलं, विधवा दिसावं म्हणून. पोटात तू. अकोळाला गेले. आईनं दाराच्या फटीतनं बघितलं आन् कडी घातली. भीमा ल्हान हुता, त्याला कायबी म्हाईत न्हाय."

विशाखा तिच्यापुढे जमिनीवर बसली. लाकडी पाय अजून तिच्या हातात होता.

"तुला वाटलं, मी वंगाळ वाटतंय म्हणून गप हाय. तसं न्हवतं बाई. वंगाळ झालं असतं तर कवाच सांगितलं असतं, रडून मोकळी झाले असते. पर ते आठ म्हैनं लई चांगलं हुतं. तसं पुन्हा कवाच आलं न्हाय. बिनलग्नाचं घर चांगलं हुतं, असं आईनं लेकीला कसं सांगायचं? आन् जा म्हणलं, तर माझ्यासारकं झालं म्हंजे? जिभेवर यायचं, आन् मी गिळायची."

बाहेर जयाबाई कुणाला तरी काहीतरी ओरडून सांगत होती. तानूबाईनं पासपोर्ट उचलला, पदरानं पुसला, आणि लेकीच्या हातात दिला. हातावर हात तसाच ठेवला.

"जा," ती म्हणाली. "राहून बग. जमलं तर मला कळीव, मी विमान बगाय येते. न्हाय जमलं तर कुणाला इचारू नको, पत्र लिवू नको, सरळ ये. सकाळी ये, भर दुपारी ये, पोटुशी ये. माज्या दाराला कडी न्हाय."